घासूनपुसून ठेवलेला पंप

मंगळवार, नऊ तारीख
(कॅलेंडर आतल्या खोलीत आहे आणि मी बाहेरच्या, पण नऊच असणार)

ढब्बू राजा,

आधी आला तो मुका. गाडी दाराशी थांबली तेव्हा मला वाटलं तूच आलास, म्हणून चष्मा शोधत बाहेर गेले, तर पुढ्यात हा. चूक माझीच. तुझा हॉर्न दोनदा वाजतो, तुटक तुटक. ह्याचा एकदाच, हट्टी पोराने भोकाड पसरावं तसा. ह्याला मुका हे नाव ज्याने ठेवलं त्याचा सत्कार केला पाहिजे. उंबऱ्यात पाय टाकताना जे तोंड उघडलं ते दुसरा चहा संपेपर्यंत मिटलं नाही. मधे थांबला तो फक्त बशीवर फुंकर मारायला. तेवढ्यात चहाचा वास गेला म्हणून शेजारचा पाटीवाला आला, हाताला हिरवा रंग तसाच. दाताच्या डॉक्टरची पाटी रंगवतोय म्हणे, आणि चित्रातला दात पांढरा दाखवावा की जरा पिवळसर ह्यावर अडलाय. मी म्हटलं, बाबा रे, पांढरा दाखव, पिवळा बघून कोण जाईल त्याच्याकडे. असो.

तर मुक्याने सगळं सांगितलं. तू मला मागच्या चिठ्ठीत लिहिलंस, "गाडीचं किरकोळ काम निघालंय, थोडा उशीर होईल." आणि मुका म्हणतो, "आजी, किरकोळ कसलं घेऊन बसलीस, इंजिन उघडून ताडपत्रीवर मांडलंय, भांड्यांचं दुकान लावल्यासारखं." घाट चढताना इंजिनात पाणी फिरवणारा पंप गळला, पाणी संपलं, इंजिन तापून गेलं, आणि आता तू घाटाखालच्या वस्तादाच्या गॅरेजात बसून आहेस. म्हणजे आजीला गळतीचं सांगायचं नाही, पूर आला की तिला कळेलच, असंच ना? लहानपणी शाईची दौत सांडलीस तेव्हाही तिच्यावर तसाच बसून राहिला होतास. चड्डी निळी झाली तेव्हा कळलं.

तुझा माल मुक्याने आपल्या गाडीत भरून पोचवला आणि भाडं तुझ्या नावाने बाजूला ठेवलंय. म्हणाला, "गेल्या साली माझा ॲक्सल तुटला तेव्हा ह्याने माझा माल ओढला होता. आता माझी पाळी." असं तोंड आणि असं मन. तोंडावरून माणूस जोखू नये म्हणतात ते खरं.

मग पोत्यातून तो पंप काढून दिला. केवढं ते धूड, दोन तोंडांच्या किटलीसारखं. सोबत तुझी चिठ्ठी, की पंप आहे तसा जपून ठेव, दुकानदार फिटरला घेऊन घरी बघायला येईल. आता तूच सांग, चार माणसं घरी येणार आणि वस्तू 'आहे तशी' ठेवायची? तेल काय, चिखल काय, गंज काय, हात लावला तर हात काळा. लोक म्हणतील, म्हातारीला डोळे नाहीत का.

मी पाणी तापवलं, धुण्याचा सोडा टाकला आणि सकाळपर्यंत बुडवून ठेवला. मग तारेच्या घासणीने बसले. भोकांमध्ये तुझा जुना दात घासायचा ब्रश घातला. वरचा करडा रंग पापुद्र्यासारखा सुटून आला. बोल्टांवर कुणीतरी पिवळा रंग सांडून ठेवला होता, पाटीवाल्याला विचारलं, तो म्हणाला माझा नाही. तोही सुईने खरवडून काढला. हात दुखले, पण काय सांगू, असा उजळलाय की पाटीवाला त्यात बघून मिशी पुसून गेला. आता टेबलावर धुतलेल्या फडक्यावर ठेवलाय. येईल त्याला दाखवते. पोस्टमन म्हणाला, "आजी, बक्षीस मिळालं का कसलं?"

दुकानदार कधी येवो, आता लाज वाटायला नको. हे पत्र दुधाच्या टँकरवाल्याबरोबर देतेय, तो घाटाखालूनच जातो. पोटाला खात जा, नुसत्या चहावर राहू नकोस.

तुझी आजी


शुक्रवार, १२ तारीख

ती. आजीस,

पाया पडतो. टँकरवाल्याने पत्र दिलं ते मी उघड्या इंजिनापाशी उभ्यानेच वाचलं. दाताच्या पाटीपर्यंत हसत होतो. मग 'सुईने खरवडून' आलं आणि मी खाली टायरवर बसलो. वस्तादाने विचारलं, "घरी कुणाचं काही झालं का?" मी म्हटलं, "नाही, गॅरंटीचं झालं."

आजी, रागावून लिहीत नाही. तू जे केलंस ते मायेनेच केलंस, आणि मी चिठ्ठीत कारण लिहिलं नाही ही माझी चूक. आता सगळं लिहितो, दौतीवर बसत नाही.

तो पंप मी आपल्या गावातल्या पंपाच्या दुकानातून घेतला होता, नवा नाही, दुरुस्त केलेला. दुकानदार म्हणाला होता, वरचं लोखंड अखंड आहे, आतलं तेवढं नवं बसवलंय, वर्षाची गॅरंटी. बोल्टांवर तो पिवळा रंग त्यांनीच लावलेला असतो. तो तुटला नसेल तर पंप त्यांचाच आणि कुणी उघडलेला नाही, एवढं त्यावरून ठरतं. म्हणून तर मी दुकानात न पाठवता घरी पाठवला. दुकानात टाकला असता तर 'हरवला' असता.

आता तो बघेल आणि म्हणेल, हा आमचा कशावरून? त्याने मानलं तर नवा पंप आणि इंजिनच्या हेडच्या, म्हणजे तापून वाकलेल्या वरच्या झाकणाच्या, कामाचा खर्च त्याच्यावर, बाकीची वस्तादाची मजुरी मुक्याने ठेवलेल्या भाड्यातून भागेल. नाही मानलं तर मला जमणार नाही. मी दर खेपेला भाड्यातला गाडीचा वाटा आधी डब्यात टाकतो, हे तुला माहीतच आहे. तो डबा गेल्या खेपेच्या टायरांनी रिकामा केला. म्हणून तर नव्याऐवजी दुरुस्त केलेला पंप घेतला. दात कोरून पोट भरायला गेलो.

आणखी एक तुला सांगितलं नव्हतं. तो बारा गाड्यांवाला इथे येऊन गेला. म्हणाला, "आहे तशी उघडी गाडी घेतो, कर्जाचं मी बघतो, तू माझ्याकडे पगारावर चालव, हीच गाडी." महिनाअखेर सांगतो म्हटलंय. तो वाईट माणूस नाही. पण अकरा वर्षं दुसऱ्याच्या गाड्या चालवल्यावर ही घेतली होती.

दुकानदार आला तर एवढंच म्हण, की पोत्यातून निघाला तेव्हाच असा होता. बाकी काही बोलू नकोस. जमेल ना?

तुझा,
ढब्बू


सोमवार, पंधरा तारीख

ढब्बू राजा,

तुझं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा पाटीवाल्याकडून वाचून घेतलं, म्हटलं माझंच काही चुकत असेल. नाही चुकलं. मग पंपापुढे खुर्ची घेऊन बसले. इतके दिवस मी त्याला बघून खूश व्हायचे, आता तोच मला बघत होता. फडकं टाकलं त्याच्यावर.

काय करून बसले मी. तुझ्या आजोबांचा एकुलता चांगला कोट असाच उकळत्या पाण्यात घातला होता. तो तुला झाला पुढे, पाचवीत. पण कोट वेगळा आणि गाडी वेगळी.

तू लिहितोस, बारा गाड्यांवाला वाईट नाही. नसेल. मी कुठे म्हणतेय. पण तुला आठवतं का, तू पगारावर होतास तेव्हा आपल्याच दारावरून जायचास. मालक तास मोजायचा, म्हणून थांबता यायचं नाही. तू दोनदा हॉर्न वाजवायचास आणि मी हातातलं टाकून धावायचे. दारात येईपर्यंत मागचा लाल दिवा वळणावर गेलेला. एकदा दूध उतू गेलं, एकदा इस्त्रीने चादर जळली. अकरा वर्षं मी तुझ्या गाडीची पाठच बघितली. आणि स्वतःची गाडी घेतलीस त्या पहिल्या खेपेला तू दाराशी थांबलास, खाली उतरलास आणि म्हणालास, "आजी, आंघोळीला पाणी ठेव." मी पाणी ठेवायला गेले आणि बंबापाशी उभी राहून रडले, तुला वाटलं धूर गेला. म्हणून म्हणते, गाडी विकायचं तुझं तू ठरव, तुझे हात, तुझी कंबर, पण मला विचारशील तर मला तो नुसता हॉर्न नको.

आता खोटं बोलायचं. येत नाही असं नाही. घरं तपासायला येणाऱ्या सोसायटीच्या माणसाला मी दरसाल सांगते की आमच्याकडे उंदीर नाहीत. पण माझं खोटं फार टिकत नाही, बाळा. पहिल्या चहापर्यंत टिकतं. दुसरा चहा ओतताना मीच सांगून टाकते. आणि पंप लख्ख घासलाय हे गल्लीत कुणाला माहीत नाही? मीच तर बोलावून दाखवलाय.

पाटीवाला म्हणतो, "त्यात काय, पिवळा रंग माझ्याकडे आहे, दुकानात जाऊन दुसरा पंप बघून येतो आणि हुबेहूब खूण घालून देतो. दुकानदाराच्या बापाला कळणार नाही." ब्रशसुद्धा धुवून आणला त्याने. मला पटतही होतं आणि पटतही नव्हतं. त्याला म्हटलं, नातवाचं पत्र येऊ दे.

एक गोष्ट विचारायची राहिली. दुकानाची खूण पिवळीच असते ना? मग एक खूण शिल्लक आहे बघ. मी मुद्दाम नाही ठेवली, निघालीच नाही. पंपाच्या पोटावर, खालच्या तोंडाशी, करड्या रंगाखालून एक सोनेरी रेघ निघाली, वितीएवढी, नागमोडी. आधी वाटलं डाग आहे, म्हणून लिंबू लावलं, तर जास्तच चमकायला लागली. काळ्या लोखंडात अशी शोभते की कुणी हौसेने तार बसवावी. नख लावलं तर तिच्या कडेला अडकतं. त्या दुकानदाराने नाव घालतात तशी काही खूण केली असेल का? केली असेल तर बरंच झालं.

उत्तर मुक्याकडे दे, तो गुरुवारी परत फिरतोय.

आजी


गुरुवार, १८ तारीख

ती. आजीस,

पाटीवाल्याचा ब्रश काढून घे आणि लपवून ठेव. आधी ते कर, मग पुढचं वाच.

तुझं पत्र मी वस्तादाला वाचून दाखवत होतो. इथे रात्र झाली की दुसरं काय करणार, तुझी पत्रं आता सगळं गॅरेज ऐकतं. हॉर्नचं मात्र मी मनातच वाचलं. सोनेरी रेघेपाशी आलो आणि वस्तादाने हातातला पाना खाली ठेवला. म्हणाला, "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. "लिंबाने चमकली? नख अडकतं?" मी म्हटलं, असं लिहिलंय. तो हसायलाच लागला. म्हणाला, "अरे, तुझ्या आजीला माझ्याकडे कामाला पाठव."

आजी, ते पितळ आहे. पंपाचं अंग बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं असतं. बिडाला तडा गेला की पितळ वितळवून सांधतात आणि वरून रंग मारला की कुणाला दिसत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हणजे हा पंप आधीच फुटलेला होता. दुकानदार मला 'अखंड आहे' म्हणाला ते खोटं. घाटात जोर पडला आणि ते त्या जागी पुन्हा उघडलं. आम्ही इथे तो चिखलातेलाने माखलेलाच काढला आणि पोत्यात घातला. पाणी कुठून गेलं हे वस्तादालासुद्धा दिसलं नव्हतं. दुकानदार म्हणणार होता, तूच पाणी न बघता गाडी पळवलीस. रंगाची खूण असती तरी तो हेच म्हणाला असता आणि पंप बदलून देऊन मोकळा झाला असता. हेडचा खर्च माझ्याच गळ्यात.

तेव्हा तू घासलंस ते बरं केलंस. हे मी दुसऱ्यांदा लिहिणार नाही, नाहीतर पुढच्या वेळी तू गिअरबॉक्स धुशील.

आता ऐक. आणखी घासू नकोस. लिंबू नको. पंपाचं खालचं तोंड आणि बाकीची भोकं चिंध्यांनी घट्ट बंद कर, वरच्या तोंडातून पाणी भर, बाहेरून कोरडा पूस आणि खाली कागद ठेव. रेघेपाशी पाणी झिरपतं का बघ. झिरपत असेल तर ते येतील तेव्हा त्यांच्यासमोर हेच कर. आणि खोटं काही सांगू नकोस. मी तुला तसं लिहायला नको होतं. डोकं ठिकाणावर नव्हतं.

तरी एक भीती आहे. तो म्हणेल, पंप आमचा नाहीच. पिवळी खूण नाही, मग रेघ कुणाच्याही पंपावर असू शकते. त्याला मी इथून काय उत्तर देणार. बारा गाड्यांवाला काल पुन्हा येऊन गेला. गाडीभोवती फिरला, टायर दाबून बघितले, जनावर बघावं तसे.

मलाही तो नुसता हॉर्न नको, आजी.

ढब्बू


रविवार, एकवीस

ढब्बू राजा,

आधी आला तो फिटर, दुकानदार मागून आला. पण सुरुवातीपासून सांगते, मधे घाई करू नकोस, वस्तादालापण बस म्हणावं.

तुझं पत्र मुक्याने दिलं तेव्हाच पाणी भरून बघितलं. पाटीवाल्याने कागद धरला, मुक्याने पंप धरला आणि कधी नव्हे तो गप्प बसला. थोड्या वेळाने रेघेपाशी घाम फुटल्यासारखं झालं, मग थेंब, मग दुसरा. मुका म्हणाला, "आजी, हे तर रडतंय." मग दुकानात निरोप त्यानेच दिला.

तर आज सकाळी फिटर आला. बारकासा म्हातारा, हात मात्र पैलवानाचे. दारातच चपला काढून उभा, आत ये म्हटलं तर म्हणे मालक येऊ देत. मालक आले सायकल लावून, अंगाने दुप्पट, सुगंधी. टेबलावरचा पंप बघितला आणि तिथल्या तिथे म्हणाले, "हा आमचा नाही. आमच्या पंपाला रंग असतो, खूण असते. हा तर नुसता घासलेला दिसतोय."

मी म्हटलं, "मीच घासलाय."

"तुम्ही?"

"सोड्याने. तुमचा करडा रंग सगळा सुटला. पिवळा सुटेना, तो सुईने काढला." आणि ती तारेची घासणी आणून दाखवली. मी जपून ठेवली होती, करडी आणि पिवळी झालेली. तुझा ब्रशसुद्धा दाखवला. पाटीवाला मागून म्हणाला, "रंग त्यांचाच आहे, मी रंगातला माणूस आहे, सांगतो." त्याला कुणी विचारलं नव्हतं.

मालक म्हणाले, "मावशी, खूण तुम्हीच काढलीत म्हणता, मग गॅरंटी कसली मागता? उद्या कुणीही कुणाचाही पंप आणून ठेवेल." खरं सांगते, तू म्हणालास तेच झालं. मला वाटलं, गेली गाडी, आणि म्हातारीच्या हाताने गेली. मग चहा टाकायला उठले.

परत आले तर मालक खिडकीतून रस्ता बघत होते, सायकलकडे. आणि फिटर पंपापाशी वाकलेला. बोट त्या रेघेवरून फिरवत होता, हळू, नातवंडाच्या पाठीवरून फिरवावं तसं. मला एकदम बरं वाटलं त्याला बघून, ढब्बू. घरी येऊन सगळ्यांनी पंप बघितला, पण तसा कुणी बघितला नव्हता. मी कप ठेवला आणि म्हटलं, "किती सुबक आहे नाही? मी म्हटलं सोनाराचं काम असेल. एवढ्या काळ्या लोखंडात एवढी बारीक रेघ, कुठे जाड नाही, कुठे ओघळ नाही. शिवण घालतानासुद्धा माझा हात असा सरळ चालत नाही."

तो म्हणाला, "बिडाला घालायला अवघड असते."

मी म्हटलं, "पण गळतेय ना बाबा."

"जोड नाही गळत," तो म्हणाला, जरा रागानेच. "नीट बघा. शेजारचं बीड फाटलंय, जोडाच्या बाहेर. जोड जसाच्या तसा आहे. माझा जोड कधी उघडत नाही."

मालक खिडकीतून वळले.

फिटरचा हात पंपावरच राहिला. मला तेव्हा कळलं की तो काय बोलून गेला, त्याला माझ्या आधी कळलं असेल. तो मालकांकडे बघेना आणि माझ्याकडेही बघेना, पंपाकडे बघत म्हणाला, "मी तुम्हाला सांगितलं होतं मालक. हा एका जागी बसणाऱ्या मशीनला चालेल, घाटातल्या गाडीला देऊ नका."

पाटीवाला काहीतरी बोलणार होता, मी त्याच्या पायावर पाय दिला.

मालक बसले. चहा प्यायले. पहिला चहा संपला, मी दुसरा ओतला. मग म्हणाले, "पोरगा घाटात अडकलाय का अजून?"

मी म्हटलं, "आहे. इंजिन उघडं ठेवून. महिना संपला की गाडी दुसऱ्याची."

मला वाटलं होतं मी भांडेन, तयारीसुद्धा केली होती मनात, चोराच्या मनात चांदणं वगैरे म्हणायची. पण तो माणूस असा बसला होता, खुर्चीत न मावणारा आणि तरी लहान झालेला, की ओरडवेना. म्हणाले, "मावशी, नवा पंप देतो, पेटीतला. हेडचं काम तो जिथे करतोय तिथले पैसे मी देतो. बाहेर कुठे बोलू नका एवढंच." मी म्हटलं, बाहेर बोलणार नाही, पण नातवाला लिहिणार, आणि त्याची पत्रं सगळं गॅरेज ऐकतं, ते माझ्या हातात नाही. तेव्हा पहिल्यांदा हसले जरासे.

आणि मी एक अट घातली. म्हटलं, ह्या फिटरला दुकानात गेल्यावर ओरडायचं नाही. त्याच्या कामाला नाव ठेवायला जागा नाही, तुमच्या रंगाला आहे. मालक म्हणाले, त्याला कोण ओरडणार, त्याच्या हातावर दुकान चालतं. जाताना फिटर चपला घालताना हळूच मला म्हणाला, "लिंबू कुठलं लावलंत? आम्ही इतकं चमकवत नाही." मी म्हटलं, साधंच. पण जोर लावावा लागतो.

तर बारा गाड्यांवाल्याला आता सांगून टाक, गोडीने सांग, की गाडी विकायची नाही. पुढे कधी चार गाड्या झाल्या तर त्याच्याशी बरोबरीने बोलशील. गाडीचा तो डबा पुन्हा भरायला लाग, आणि टायर जरा बेताने वापर, तुला काय, बुटांचे तळवेपण असेच जायचे. मुका म्हणतोय नवा पंप मीच नेऊन देतो, म्हणजे वस्ताद बसवेल. त्याला म्हटलं, वाटेत गप्प बस आणि पंपाकडे लक्ष दे. म्हणाला, आजी, दोन्ही एकदम नाही जमायचं.

तू आलास की दारात थांब. हॉर्न वाजवू नकोस मुद्दाम, मी आपली ऐकलं नाही असं दाखवीन आणि तू येऊन मला घाबरव, लहानपणी करायचास तसं.

जुना पंप मी मागितला मालकांकडे. म्हणाले, काय करणार? मी म्हटलं, दाराला अडसर लावीन, वाऱ्याने आपटतं. दिला.

नवा घेऊन ते दोघे बुधवारी येतो म्हणालेत, सकाळी, दुकान उघडायच्या आधी. सोड्याचा डबा मी कपाटावर ठेवून दिलाय.

आजी